पाणमोटेतलं पाणी कुणाचं?

गेल्या वर्षी आषाढात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी जालन्याला माहेरी आली. तेहेतिसावा आठवडा होता. गावातल्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि हातात आलेल्या कागदावर एका आकड्याभोवती पेनाने गोल केलेला होता: 5.5. डॉक्टर म्हणाले, "पाणी कमी आहे. उशीर करू नका, उद्या सीझर करून घ्या." घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा माझी माय ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माझंबी आटलं व्हतं."

मायचं वय पंचाहत्तर. मी तिचा थोरला. माझ्या पाठीवर एक बहीण आणि एक भाऊ, एवढंच मला पंचावन्न वर्षं ठाऊक होतं. मधे आणखी एक मूल झालं होतं आणि ते सूर्योदय ते दुपार एवढंच जगलं, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

मी डॉक्टर नाही. बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहिण्यात माझा जन्म गेला. जुन्या कागदांचा नाद मात्र आहे, आणि त्या नादाने एक सवय लावली आहे: कुणी काही सांगितलं की आधी ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं, तारीख घालायची आणि मगच पुस्तकं उघडायची. त्या रात्री मी तसंच केलं. ते बरं झालं, कारण पुढे जे वाचलं ते आधी वाचलं असतं तर मायच्या तोंडी मी माझेच शब्द घातले असते.

वहीतली नोंद थोडक्यात अशी. सन 1973, शिमग्याच्या आधी पंधरा दिवस. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात. (जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी.) दुष्काळी कामावर माय खडी फोडायला जात होती. पोट इतर बायकांपेक्षा लहान दिसायचं. सासू म्हणायची, पोर वाढत नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा मांगवाड्यातून सुईण आली. पाणमोट फुटल्याचं कुणाला कळलंच नाही, कारण फुटण्यासारखं काही नव्हतंच. "कोरडं बाळंतपण," सुईण म्हणाली. मुलगा झाला. पाय आत वळलेले. कान खाली उतरलेले. नाक चपटं. "तोंड म्हाताऱ्यावाणी व्हतं," माय म्हणाली, "लहान लेकराचं नव्हतंच." रडला नाही, नुसता धापा टाकत राहिला. सुईणीने कानाशी थाळी वाजवली, पाणी शिंपडलं. दुपारी गेला.

आणि शेवटची ओळ, जिच्यामुळे हा लेख लिहितो आहे: "तुझी आजी म्हणली, कामावर पाणी पीत नव्हतीस, म्हणून पोटातलं आटलं. माझ्यामुळंच गेलं का रं ते?"

पन्नास वर्षं तिने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

आधी शब्दाकडे पाहू. गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला मराठीत पाणमोट म्हणतात. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कातड्याची पिशवी, तोंडापर्यंत भरलेली, धावेवर बैल चालले की वर येणारी आणि थारोळ्यात रिकामी होणारी. आमच्या भागात विजेचे पंप आल्यावर मोटा गेल्या. शब्द बाळंतिणीच्या खोलीत तेवढा उरला. पण या शब्दात एक समजूतही लपलेली आहे. मोटेतलं पाणी विहिरीचं. विहीर आटली की मोट रिकामी येणार. म्हणजे बाईच्या पोटातलं पाणी बाईचं, आणि ते कमी पडलं तर दोष विहिरीचा. आजीचं म्हणणं याच हिशेबाचं होतं, आणि हा हिशेब आजीहून फार जुना आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय गर्भिणीविषयी आहे. मी तो मराठी भाषांतरातून आणि एका निवृत्त संस्कृत शिक्षकांच्या मदतीने वाचला. प्रसूती जवळ आल्याची लक्षणं सांगताना तिथे गर्भोदक वाहू लागण्याचा उल्लेख येतो. तेव्हा पाण्याची ओळख जुनीच आहे. त्याच अध्यायात न वाढणाऱ्या गर्भाचे दोन प्रकार दिले आहेत. एक उपविष्टक: गर्भ धरल्यावर बाईने तिखट, उष्ण पदार्थ खाल्ले, अंगावरून जाऊ लागलं, की गर्भाची वाढ थांबते आणि तो पोटात नेमापेक्षा जास्त दिवस राहतो. दुसरा नागोदर. हा मला अधिक लागला. जी बाई उपासतापास, व्रतवैकल्यं करते, निकस अन्न खाते, तूपतेल टाळते, तिचा गर्भ कोरडा पडून वाढत नाही, पुष्कळ काळ तसाच राहतो आणि हालचाल करीत नाही, असं ग्रंथकार सांगतो. उपाय म्हणून दूध, तूप, मांसरस अशा पोषक गोष्टी सांगितल्या आहेत. उपाय सांगणारा माणूस दयाळू आहे यात शंका नाही. अर्धपोटी बाईला खाऊ घाला, हे आजही कुणी नाकारणार नाही. पण कारण शोधताना त्याची नजर फक्त आईच्या ताटाकडे जाते.

सुईणीने थाळी वाजवली, त्याचंही मूळ याच अध्यायात दिसतं. जन्मलेलं मूल निपचित असेल तर त्याच्या कानाशी दोन दगड एकमेकांवर घासावेत, तोंडावर गार किंवा कोमट पाणी शिंपडावं, असं तिथे आहे. मांगवाड्यातल्या त्या म्हाताऱ्या सुईणीने चरकाचं नावही ऐकलं नसेल. ज्या घरात तिने मूल झेललं त्या घराचा उंबरा एरवी तिला ओलांडता येत नव्हता. तिच्यासारख्या बायकांनी काय काय पाहिलं होतं हे कुणी लिहून ठेवलं नाही, आणि मराठी प्रसूतिशास्त्राच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं कोरं पान आहे असं मला वाटतं.

सुश्रुताकडे वळलो तेव्हा एक वाक्य सापडलं आणि मी बराच वेळ त्यावर थांबलो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातच गर्भाची नाभिनाडी आईच्या रस वाहणाऱ्या नाडीला जोडलेली असते आणि तिच्यातून त्याचं पोषण होतं, हे स्पष्ट सांगितलं आहे. निरीक्षण अचूक आहे. पण दुसऱ्या अध्यायात असंही म्हटलं आहे की पोटातला गर्भ वायू, मूत्र आणि मळ यांचं विसर्जन करीत नाही. मळ अगदी थोडा असतो आणि वायूचा योग नसतो, हे त्याचं कारण दिलं आहे. यातलं मूत्राविषयीचं म्हणणं चुकीचं आहे, आणि मायच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या चुकीत दडलेलं आहे.

मधल्या दोन हजार वर्षांवरून मी झरझर जातो, कारण या प्रश्नापुरतं तिथे फारसं काही घडत नाही. फक्त एका बाईपाशी थांबतो. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात गेल्या आणि 1886 साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. एका बाजूला संस्कृत ग्रंथ, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतलं नवं वैद्यक, आणि मधे स्वतःचं मूल गमावलेली एकवीस वर्षांची मराठी मुलगी. पुढच्याच वर्षी 26 फेब्रुवारीला पुण्यात त्या वारल्या. त्यांच्या काळी जगातल्या कुठल्याही डॉक्टरला जिवंत बाईच्या पोटातलं पाणी पाहण्याची सोय नव्हती. पोटाचा आकार, हाताचा अंदाज आणि प्रसूतीच्या वेळी किती पाणी गेलं, एवढ्यावरच सगळं. म्हणजे फिलाडेल्फियाचा प्राध्यापक आणि आमची सुईण या एका बाबतीत एकाच पायरीवर होते.

पाणी कुणाचं हे नीट उलगडायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. शिकागोत एडिथ पॉटर नावाच्या एक विकृतिशास्त्रज्ञ बाई होत्या. मृत जन्मलेल्या आणि जन्मून लगेच गेलेल्या अर्भकांची तपासणी हे त्यांचं काम. 1946 साली त्यांनी वीस अर्भकांविषयी लिहिलं. या सगळ्यांना दोन्ही मूत्रपिंडं नव्हतीच. आणि सगळ्यांचे चेहरे एकमेकांसारखे होते: डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून खाली उतरणारी घडी, चपटं नाक, मागे गेलेली हनुवटी, खाली आलेले कान, आणि एकूण चेहऱ्यावर अकाली म्हातारपण. फुप्फुसं फार लहान. यांतल्या पुष्कळ मुलांच्या आयांच्या पोटात पाणी जवळपास नव्हतंच.

हे वाचून मी वही उघडली. तोंड म्हाताऱ्यावाणी व्हतं.

पुढचं कोडं 1974 साली टॉमस आणि स्मिथ या दोघांनी सोडवलं. मूत्रपिंडं नसण्याचा आणि नाक चपटं असण्याचा संबंध काय? त्यांनी दाखवलं की हा सगळा परिणाम पाणी नसण्याचा आहे. ज्यांची मूत्रपिंडं होती, पण दुसऱ्या कारणाने पाणी दीर्घकाळ गळत राहिलं, त्यांचेही चेहरे आणि पाय तसेच झाले. पाणी गादीचं काम करतं. ते नसलं की गर्भाशयाची भिंत मुलाला चहूबाजूंनी दाबते, पाय वळतात, सांधे आखडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसं वाढत नाहीत. पोटातलं मूल श्वासासारख्या हालचाली करतं आणि त्याच्या फुप्फुसांत पाणी भरून राहतं. त्या पाण्याच्या ताणावर ती फुप्फुसं मोठी होतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हे झालं नाही तर जन्मल्यावर हवा घ्यायला जागाच नसते.

आता मुख्य गोष्ट. हे पाणी येतं कुठून? सुरुवातीच्या आठवड्यांत ते बरंचसं आईच्या रक्तातून आणि पडद्यांतून झिरपतं. पण तिसऱ्या महिन्यात मुलाची मूत्रपिंडं कामाला लागतात, आणि चौथा महिना सरल्यावर पाणमोटेतलं बहुतेक पाणी म्हणजे मुलाचं स्वतःचं मूत्र असतं. थोडं फुप्फुसांतून येतं. मूल तेच पाणी गिळतं, ते आतड्यांतून रक्तात जातं आणि पुन्हा बाहेर येतं. नवव्या महिन्याच्या सुमारास हे चक्र रोज अर्ध्या लिटरहून जास्त पाणी फिरवतं. चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास पाणमोटेत साधारण 800 मिलिलिटर असतं, पुढे ते हळूहळू उतरतं. म्हणजे मोट मूल स्वतःच भरतं. विहिरीवर सगळा दोष टाकायचं कारण नाही.

सगळा म्हणालो, कारण विहिरीचा काहीच संबंध नाही असंही नाही, आणि मायच्या समाधानासाठी इतिहास वाकवणं मला जमणार नाही. पाणी कमी होण्याची कारणं अनेक आहेत. मूत्रपिंडं नसणं किंवा मूत्रमार्ग बंद असणं हे एक. पडद्याला छिद्र पडून पाणी गळणं हे दुसरं. नऊ महिने उलटून गेल्यावर पाणी आपोआप घटतं. आईला रक्तदाब असला किंवा वार नीट काम करीत नसली तर मुलाला रक्त कमी पोचतं. मूल शहाणपणाने ते मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, मूत्रपिंडांना कमी मिळतं आणि पाणी घटतं. काही वेदनाशामक गोळ्यांनीही घटतं. आणि आईचं पाणी? 1991 साली किलपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी पाणी कमी असलेल्या बायकांना दोन लिटर पाणी प्यायला दिलं आणि काही तासांत मोजलं, तर गर्भजलाचा आकडा वाढलेला दिसला. तेव्हा उन्हात खडी फोडणाऱ्या, घागरभर पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या बाईच्या पोटातलं पाणी थोडं उतरलं असणं अशक्य नाही. पण तेवढ्याने पाणमोट कोरडी ठणठणीत पडत नाही आणि मुलाचा चेहरा म्हाताऱ्यासारखा होत नाही. त्यासाठी महिनोन् महिने पाणी नसावं लागतं.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल इथे चार ओळी लिहायलाच हव्यात. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यांत बायका प्रचंड संख्येने होत्या, आणि इतक्या बायकांमध्ये कितीतरी गरोदर असणारच. पाझर तलाव किती झाले, रस्ते किती झाले याचे तक्ते निघतात. मिलो जोंधळा आणि सुकडी यांच्या आठवणी निघतात. (सुकडीची चव हीच माझी त्या काळातली एकुलती एक आठवण आहे, आणि खोटं कशाला बोलू, ती गोड आहे.) खडीच्या ढिगाशी बसलेल्या गरोदर बाईचा रकाना मला कुठल्या तक्त्यात भेटला नाही. तिच्या दिवसाची नोंद मुकादमाच्या हजेरीत घनफुटांत झाली. त्याच 1972 साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हौवी यांनी दाखवून दिलं होतं की वेळेआधी बाळंत होऊ घातलेल्या बाईला एक इंजेक्शन दिलं तर मुलाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. आमच्या गावापासून हे किती लांब होतं!

लांबचं जवळ आणलं ते यंत्राने. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी कारखान्यातल्या लोखंडात तडे शोधणाऱ्या ध्वनियंत्रावरून कल्पना घेतली आणि 1958 साली गर्भाची चित्रं प्रसिद्ध केली. आपल्याकडे हे यंत्र तालुक्यापर्यंत पोचलं ते मात्र भलत्याच कामासाठी बदनाम होत. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, केंद्राचा 1994 साली आला, तरी 2011 च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली 807 च होत्या. माझ्या लेकीची सोनोग्राफी झाली त्या खोलीच्या दारावर कायद्याची पाटी होती आणि आत त्याच यंत्राने पाणी मोजलं गेलं. एकाच पडद्यावर दोन्ही इतिहास दिसतात.

पेनाने गोल केलेला तो आकडा कसा काढतात, हे मी डॉक्टर मित्राकडून समजून घेतलं. फेलन आणि सहकाऱ्यांनी 1987 साली मांडलेली ही रीत आहे. पोटाचे चार भाग कल्पायचे, प्रत्येक भागातल्या पाण्याच्या सर्वांत खोल डोहाची उभी खोली मोजायची, चारींची बेरीज करायची. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आली तर पाणी कमी. दुसरी रीत एकच सर्वांत खोल डोह मोजण्याची. तो दोन सेंटिमीटरहून कमी असेल तर पाणी कमी. 2016 साली जर्मनीत हजाराहून अधिक गरोदर बायकांवर या दोन रीतींची तुलना झाली. बेरजेच्या रीतीने जास्त बायकांना 'पाणी कमी' ठरवलं गेलं, जास्त जणींना कळा आणण्याची औषधं दिली गेली, आणि मुलांच्या तब्येतीत मात्र फरक पडला नाही. आकडा खोटा नसतो, पण एकट्या आकड्यावर तेहेतिसाव्या आठवड्यात पोट कापावं का, हा वेगळा प्रश्न.

दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी लेकीला पुन्हा तपासलं. रक्तदाब पाहिला, मुलाची मूत्रपिंडं आणि मूत्राशय भरलेलं दिसतंय याची खात्री केली, नाळेतला रक्तप्रवाह मोजला, मुलाच्या ठोक्यांचा आलेख काढला. पाणी गळत नाही ना हेही पाहिलं. मग म्हणाल्या, पाणी भरपूर प्या, मुलाची हालचाल रोज मोजा, आठवड्यातून दोनदा या. काही बिघडलं तर मी एक तासही थांबणार नाही. पाणी कमी असलं की कळांच्या वेळी नाळ दाबली जाते आणि मुलाचे ठोके उतरतात, म्हणून दवाखान्यातच बाळंत व्हायचं, घरी नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. सदतिसावा आठवडा संपताना नात झाली. वजन सव्वादोन किलो. पाय सरळ.

नातीच्या बाराव्यानंतर मी माझी वही घेऊन मायजवळ बसलो. पॉटरबाई, चेहरे, मूत्रपिंडं, सगळं मराठीत सांगितलं. हेही सांगितलं की पन्नास वर्षांनंतर, पाहिलेल्या माणसाच्या आठवणीवरून, छातीठोक निदान होत नाही. पण तू सांगितलंस ते सगळं या एका गोष्टीशी जुळतं, आणि ती गोष्ट गर्भ धरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. तेव्हा तू खडी फोडायला लागलीही नव्हतीस. काम श्रावणानंतर सुरू झालं होतं, हे तिनेच मला सांगितलं होतं, आणि शिमग्याआधी झालेलं पूर्ण दिवसांचं मूल पोटात राहिलं ते ज्येष्ठात. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. आयुष्यभर हिशेब लिहिले, पण इतक्या काळजीने एकही नाही.

ती बोटांवर महिने मोजत राहिली. दोनदा मोजले. मग म्हणाली, "म्हंजे तेच भरत नव्हतं?"

"हो."

"त्याला भरायला काही नव्हतंच."

"नव्हतं."

थोड्या वेळाने तिने विचारलं की त्याचं नाव कुठं लागलंय का. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे, म्हणजे नोंद व्हायला हवी होती. श्रावणात मी तालुक्याला गेलो, ओळखीने 1973 चं दप्तर पाहायला मिळालं. कागद पिवळे, कडा वाळवीने खाल्लेल्या. आमच्या गावाच्या फेब्रुवारी आणि मार्चच्या नोंदी सलग आहेत. जन्म अकरा, मृत्यू चार. त्यांत आमचं आडनाव नाही. परत आल्यावर मायला सांगितलं. तिने नातीला मांडीवर घेतलेलं होतं आणि दुपटं ओलं झालं होतं. ती म्हणाली, "वहीत लिव्हलंस ना तू? मग ऱ्हाऊ दे," आणि दुसरं दुपटं मागितलं.